एकोणपन्नास किलोंची तालीम

प्रफुल्लचं वजन बावन्न किलो होतं आणि आजीचं एकोणपन्नास. घरातला एकमेव पुरुष म्हणून त्याचा जो काही दरारा होता तो या तीन किलोंवर उभा होता. त्यातलाही एक किलो बुटांचा होता, कारण ऑफिसच्या वैद्यकीय तपासणीत कुणी ते काढायला सांगितलं नव्हतं.

अशा माणसाला लीलावती आजी एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "मी मेल्यावर मला लिफ्टनं न्यायचं नाही. जिन्यानं न्यायचं. आडवी. चार खांद्यांवर."

"पाचव्या मजल्यावरून?"

"सहावा बांधला नाही त्यांनी."

रूपाली, म्हणजे प्रफुल्लची बायको, लखनऊ छावणीत वाढलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच सुचतं. ती म्हणाली, "आजी, सुबह-सुबह ये सब क्यों?"

"संध्याकाळी सांगितलं तर झोप उडते याची."

आजीचा हट्ट उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. निवृत्त सुभेदार आत्माराम, साताऱ्याकडचे, शेवटच्या बदलीला लखनऊला आले आणि गोमती नगरातल्या या फ्लॅटमध्ये राहून गेले. इमारतीची लिफ्ट चार माणसांची. तीत माणूस उभा मावतो, बसलेला मावतो, आडवा मावत नाही. जिन्यानं उचलून न्यायची वेळ आली तेव्हा प्रफुल्लनंच, आपल्या दंडांचा प्रामाणिक अंदाज घेऊन, खुर्चीची कल्पना मांडली. सुभेदारांना निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, रूपालीच्या ओढणीनं बांधलं, आणि मान पडू नये म्हणून आजी मागून हनुवटी धरून उभी राहिली.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दारात तिथेच राहणारा रस्तोगी. कानात इअरफोन, हातात कुत्र्याचा पट्टा.

"नीचे जा रही है?"

"जी," प्रफुल्ल म्हणाला.

रस्तोगी आत आला. कुत्र्यानं सुभेदारांचा पाय हुंगला. तळमजल्यावर दार उघडल्यावर रस्तोगी सुभेदारांना म्हणाला, "एक्सक्यूज़ मी, अंकल," आणि त्यांच्या गुडघ्यांवरून लांब टांग टाकून निघून गेला.

आजी त्या दिवशी काही बोलली नाही. नंतर दोन वर्षंही बोलली नाही. प्रफुल्लनं मात्र रस्तोगीशी बोलणं कायमचं टाकलं. रस्तोगीला याचा पत्ता नव्हता, कारण ते आधीही बोलत नसत.

"शब्द देतोस?" आजीनं विचारलं.

"देतो."

"मग उचलून दाखव."

त्यानं आजीला उचललं. खुर्चीपासून चहाच्या टेबलापर्यंत प्रकरण बरं चाललं होतं. तिथे त्याच्या कमरेतून पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि आजी स्वतःच उतरून परत पोह्यांकडे गेली. "शब्द जड झाला वाटतं," ती म्हणाली.

प्रफुल्ल तीन दिवस ऑफिसात तिरका बसला. चौथ्या दिवशी त्यानं जिम लावली. जिममधला ट्रेनर तिवारी हा मान नसलेला, सज्जन मनुष्य होता. त्यानं फॉर्म भरायला घेतला.

"टारगेट क्या है भैया? शादी?"

"हो गई. दादी को उठाना है."

तिवारीचं पेन थांबलं. "कहाँ से?"

"पाँचवें से. नीचे तक."

"कब तक चाहिए?"

"तारीख तय नहीं है."

"देखिए," तिवारी गंभीर झाला, "साइज़ बनाना है कि स्ट्रेंथ? साइज़ तीन महीने में दिख जाएगा. स्ट्रेंथ दिखती नहीं है, मौके पर पता चलता है कि थी या नहीं."

प्रफुल्लनं स्ट्रेंथ लिहायला सांगितली. मौका एकच होता. त्याची पुनर्परीक्षा नव्हती.

बातमी इमारतीत पसरली तशी जो तो ताकद वाटत सुटला. एकानं रात्री बदाम भिजवायला सांगितले, दुसऱ्यानं ते सोलून खायला, तिसऱ्यानं न सोलता. दुसऱ्या मजल्यावरच्या सक्सेना आंटींनी च्यवनप्राशची अर्धी संपलेली बाटली आणून दिली. ती कुणासाठी आणली होती आणि अर्धी का राहिली हे विचारल्यावर त्यांचे डोळे भरून आले, म्हणून प्रफुल्लनं ती न उघडता ठेवून दिली. ऑफिसातल्या एकानं चौकातल्या एका हकीमाचा पत्ता दिला. हकीमसाहेबांनी नाडी धरली, बराच वेळ धरली, आणि खाजगी आवाजात विचारलं, "शादी को कितने साल हुए?" प्रफुल्लनं जिन्याचा विषय काढला. हकीमसाहेब समजूतदारपणे हसले. म्हणाले, सब यही कहते हैं.

आजीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "ताकद खाऊन येते. जोर रागानं येतो. दम ज्याचा त्याला ठाऊक. बळ मात्र कुणीतरी द्यावं लागतं."

"कुणी?"

"ते मला काय माहीत. मी सातवी पास."

खांदे चार लागणार होते. एक प्रफुल्लचा. दुसरा विश्वजितचा, म्हणजे आतेभावाचा. तो छावणीत हवालदार, सहा फूट उंच, आणि घरातसुद्धा चालताना डावा पाय आधी टाकणारा. तिसरे बाबुराव, नागपूरकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत, निवृत्तीला आठ महिने उरलेले. सुभेदारांबरोबर रोज संध्याकाळी कॅरम खेळायचे. त्यांना विचारायला गेल्यावर ते म्हणाले, "मी नाही म्हणून राहिलो का? पण उजव्या गुडघ्याची ग्यारंटी नाही बाप्पा. डावा तुमचा."

चौथा मिळेना. लखनऊतल्या ओळखीच्या मराठी घरांत प्रफुल्ल फिरला. प्रत्येकाला आजीबद्दल आदर होता आणि मणक्यात गॅप होती.

पहिल्या बैठकीत विश्वजितनं सैन्याच्या रीतीप्रमाणे हजेरी घेतली. तीन माणसं समोरासमोर बसली होती, तरी त्यानं मोजली. "मंजूर स्ट्रेंथ चार. हजर तीन. कमी एक."

"मैं हूँ ना," रूपाली चहा ठेवत म्हणाली. "आदमी मिलने तक."

तिघांनी आजीकडे पाहिलं. परंपरेचा प्रश्न होता.

"खांदा म्हणजे खांदा," आजी म्हणाली. "त्याला मिशी कुठं असते?"

मग तिरडी. ती प्रफुल्ल एका अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानातून आणायला गेला. लखनऊत तिला टिकठी म्हणतात. दुकानदारानं हात जोडले.

"कब हुआ?"

"अभी नहीं हुआ."

"अच्छा, सीरियस हैं. कौन से अस्पताल में?"

"घर पर हैं. लौकी काट रही हैं."

दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, पोलिसांकडे जावं का असा विचार क्षणभर केला, आणि मग धंद्याची लाज राखून म्हणाला, "मज़बूत वाला दें? रोज़ का इस्तेमाल है तो."

वजनासाठी आट्याच्या थैल्या आणल्या. दहा-दहाच्या चार, पाचाची एक, आणि वर सुटं पीठ. एकोणपन्नास भरले तेव्हा आजीनं विचारलं, "कवळीसकट ना?" अर्धी वाटी पीठ आणखी घातलं. ते सगळं तिच्या जुन्या शालीत गुंडाळून तिरडीवर बांधलं. बाबुराव बुटके असल्यामुळे त्यांच्या खांद्यावर चार घड्यांचा टॉवेल ठेवला. उतरताना उंच माणसं खालच्या बाजूला हवीत, म्हणून पुढे विश्वजित आणि प्रफुल्ल, मागे बाबुराव आणि रूपाली.

आजी स्वतः लिफ्टनं खाली गेली. निळी खुर्चीही बरोबर नेली. त्याच खुर्चीत ती रोज बसे. प्रफुल्लनं ती फेकून द्यायचं एकदा सुचवलं होतं, तर म्हणाली होती, "तिचा काय दोष? बसायला चांगली आहे." जिन्याच्या तोंडाशी खुर्ची मांडून, काठी टेकून तिनं वर हाक दिली, "उचला!"

नियम एकच होता. ती 'ठेवा' म्हणेपर्यंत ठेवायचं नाही. सुभेदारांच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई होती. मध्ये दम लागला, पाठ दुखली, टॉवेल घसरला, काही झालं तरी ऑर्डर तिची.

पहिल्या तालमीला सकाळचे सहा वाजले होते. तिसऱ्या मजल्यावर तिरडी कठड्यात अडकली, दुसऱ्यावर पीठ गळायला लागलं, आणि तिथेच सक्सेना आंटी दूध घ्यायला दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी पांढऱ्या पिठानं माखलेले चार लोक आणि शालीतलं गाठोडं पाहिलं. हात जोडले. दार लावलं. आणि आत जाऊन फोन हातात घेतला.

खाली आजीनं घड्याळात पाहिलं. "अकरा मिनिटं. तोवर मी पुन्हा जन्मले असते. ठेवा."

आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्रेचाळीस वेळा ॐ शांति आलं. साडेआठला दाराची घंटी वाजली. बाहेर पांढऱ्या कुर्त्यात सोसायटीचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी, मागे सात-आठ माणसं, सगळ्यांच्या हातात मिळून एक मोठा हार. दार आजीनं उघडलं.

श्रीवास्तवजी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते होते. त्यांनी हार पुढे करायचा की मागे घ्यायचा याचा मनातल्या मनात आराखडा मांडला, आणि अखेर हार आजीच्या हातात दिला.

"ताजा आहे," आजी हार हुंगून म्हणाली. "रूपाली, फ्रिजमध्ये ठेव. आणि सगळ्यांना चहा टाक, बिचारे उपाशी आलेत."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'ज़ीने में बिना मृत्यु के अर्थी ले जाना वर्जित है.' प्रफुल्ल अर्ज घेऊन श्रीवास्तवजींकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला.

"बेटा, भावना अपनी जगह. पर ज़ीने की रेलिंग की भी एक शक्ति होती है. चलते-फिरते आदमी का वज़न लाइव लोड कहलाता है, जो चीज़ अपने आप न हिले वो डेड लोड. अब बताओ, अम्मा जी किसमें आएँगी?"

"फिलहाल लाइव में."

"फिलहाल! यही तो दिक्कत है. ऊपर से चलेंगी एक में, और नियम लगेगा दूसरे का." त्यांनी अर्ज फाईलमध्ये ठेवला. तोवर रविवारी फक्त पीठ न्यायची परवानगी दिली. अटी दोन: शाल काढायची आणि थैल्यांवरचं कंपनीचं नाव बाहेरून दिसलं पाहिजे.

तालमी सुरू राहिल्या. अकराची नऊ मिनिटं झाली, नवाची सात. प्रफुल्लच्या शर्टाच्या बाह्या तंग होऊ लागल्या. हा एकूण काळ त्याच्या आयुष्यातला बऱ्यापैकी सुखाचा काळ होता, आणि त्याचं कारण आठवलं की त्याला लाज वाटे.

मग श्रावणात आजीनं एकदा काट्यावर उभं राहून पाहिलं आणि सांगितलं, "दोन किलो काढा."

"कशातनं?"

"माझ्यातनं."

सत्तेचाळीस. तालीम खरी व्हायची तर वजन खरं हवं, हे तिचं म्हणणं होतं आणि त्यात खोट काढता येत नव्हती. थैलीतून दोन किलो पीठ काढलं. काढलेलं पीठ टाकायचं कसं? रूपालीनं पोळ्या केल्या. दसऱ्याला आणखी तीन किलो निघाले. डॉक्टरांनी कसल्याशा तपासण्या लिहून दिल्या, त्यांचे रिपोर्ट आले, आणि डॉक्टर आजीशी न बोलता प्रफुल्लशी बोलू लागले. औषधाची स्ट्रेंथ पाचावरून दहावर गेली, दहावरून वीसवर. जितकी ती वाढली तितकं पीठ कमी झालं.

"गेल्या महिन्यात आपण आजीचे चार किलो खाल्ले," एका जेवणात प्रफुल्ल म्हणाला. त्याला विनोद करायचा होता. रूपालीनं पोळी खाली ठेवली. आजीनं मात्र त्याच्या ताटात आणखी एक वाढली. "खा. वाया नको जायला. तुझं किती झालं?"

"सत्तावन्न."

"बघ," ती समाधानानं म्हणाली, "घरातलं घरात राहिलं."

डिसेंबरात ती खाली यायची ती धापा टाकत. लिफ्टमधून बाहेर पडून खुर्चीपर्यंत सात पावलं होती, त्यांत तिला दोनदा थांबावं लागे. शेवटच्या तालमीला थैल्यांत एकोणचाळीस किलो उरले होते. चौघं पाच मिनिटांत खाली आले, न धडकता, न बोलता, पीठ न सांडता. आजी खुर्चीत डोळे मिटून होती. चौघं तिरडी खांद्यावर घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. अर्धं मिनिट गेलं. एक गेलं. बाबुरावांचा उजवा गुडघा थरथरायला लागला.

"आजी?" प्रफुल्ल म्हणाला.

तिनं एक डोळा उघडला. "बघत होते, कोण आधी ठेवतंय. ठेवा."

त्या दिवशी तिला वर नेण्यात सगळे इतके गुंतले की खुर्ची खालीच राहिली.

नंतरच्या गुरुवारी तिला छावणीतल्या लष्करी इस्पितळात हलवलं, आणि मंगळवारी दुपारी ती तिथेच गेली. तळमजल्यावरच्या वॉर्डात. एक पायरीसुद्धा नव्हती. दाराला उतार होता, स्ट्रेचरला चाकं होती.

प्रफुल्ल त्या उताराकडे बघत उभा राहिला. रडू येत नव्हतं. आपल्याला कुणीतरी फसवलं आहे आणि तक्रार कुठे करायची ते कळत नाही, असं त्याला वाटत होतं.

विश्वजितनं खांद्यावर हात ठेवला. "घाट इथून सरळ रस्त्यानं पंधरा मिनिटं आहे. गाडी उभी आहे."

"आधी घरी," प्रफुल्ल म्हणाला.

"घरी काय?"

"जिना."

विश्वजितनं त्याच्याकडे पाहिलं. मग टाचा जुळवल्या. "बरोबर आहे. स्ट्रेंथ चार," तो म्हणाला, आणि बाबुरावांना फोन लावायला वळला.

गाडी सोसायटीच्या फाटकाशी थांबली. रूपाली पुढच्या सीटवर आजीची पर्स मांडीवर घेऊन बसली होती. गार्ड नवा होता. त्यानं नियमाप्रमाणे पाहुण्यांची नोंद करायचं मशीन काढलं. "किस फ्लैट में? कौन आया है?"

"पाँच सौ चार. लीलावती जी," प्रफुल्ल मागून म्हणाला.

त्यानं टाइप केलं. फ्लॅटला नोंदवलेला नंबर आजीचा होता, त्यामुळे पर्समधला फोन वाजला. पडद्यावर आलं: 'लीलावती आपसे मिलने आई हैं. अनुमति दें?' रूपालीनं बराच वेळ त्या शब्दांकडे पाहिलं. मग अंगठा दाबला.

श्रीवास्तवजी जिन्याच्या तोंडाशी आले. आजीला पाहून त्यांनी हात जोडले. ते खरोखर जोडलेले होते. मग प्रफुल्ल तिरडी लावतोय हे पाहून ते गडबडले. "बेटा, ऊपर ले जा रहे हो? किसलिए?"

"नीचे लाने के लिए."

श्रीवास्तवजींनी तोंड उघडलं. त्यांच्या एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत इतकं निरुपयोगी आणि इतकं स्पष्ट कारण कुणी दिलं नव्हतं. ते भिंतीवरच्या पेटीकडे गेले आणि त्यांनी लिफ्टचं बटण बंद केलं, म्हणजे कुठल्या मजल्यावर लिफ्टमधून कुणी मध्ये उतरणार नाही. "रेलिंग पकड़ लेना," ते म्हणाले. "मज़बूत है. मैंने ऐसे ही कह दिया था."

चढायची तालीम कधी झाली नव्हती. सहा महिने ते फक्त उतरले होते. आजीचं डोकं वर, बाबुराव आणि रूपाली पुढे, उंच दोघं मागे. पहिला मजला. दुसरा. सक्सेना आंटी दारात होत्या, या वेळी त्यांनी फोन हातात घेतला नाही. तिसऱ्या मजल्यावर बाबुरावांचा उजवा गुडघा बसला. ते पायरीवर टेकले, पण बांबू डोक्यावर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "सोडून नाही राहिलो," ते दात आवळून म्हणाले, "पण उठूनही नाही राहिलो."

समोरचं दार उघडलं. रस्तोगी. अर्धी चड्डी, कानात इअरफोन, हातात कुत्र्याचा पट्टा. त्यानं तिरडी पाहिली, आजीचा चेहरा पाहिला. मग प्रफुल्लकडे पाहिलं, आणि हळूहळू इअरफोन काढले. अडीच वर्षांपूर्वीची ती लिफ्ट त्याच्या तोंडावर एकेक मजला उतरताना दिसली.

प्रफुल्लनं या क्षणासाठी अडीच वर्षं वाक्यं जमवली होती. त्यातली काही हिंदीत होती, काही फार चांगली होती. खांद्यावर आजी असताना त्यातलं एकही उचलवेना.

"एक आदमी कम है," तो म्हणाला.

रस्तोगीनं पट्टा बाबुरावांच्या मनगटात अडकवला, टॉवेल आपल्या खांद्यावर घेतला, आणि बांबूखाली शिरला.

वर तिला तिच्या खोलीत दहा मिनिटं ठेवलं. रूपालीनं कपाळाला चंदन लावलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं. पहिल्या तालमीचा तो हार केव्हाच सुकला होता, पण आजीनं त्याचा दोरा जपून ठेवला होता. रूपालीनं त्यात कुंडीतली झेंडूची फुलं ओवून घातली. मग विश्वजित दाराशी उभा राहिला. खालून हाक येण्याची त्यानं सवयीनं वाट पाहिली, आणि शेवटी स्वतःच हळू म्हणाला, "उचला."

ते उतरले. अडतीस किलो. तिसऱ्या मजल्यावर बाबुराव पायरीवर बसूनच उठायची धडपड करत होते, कुत्रा त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून गप्प होता. कठडा कुठे लागला नाही. कुणाचा पाय चुकला नाही. रस्तोगीला तालीम नव्हती, पण तो प्रफुल्लच्या पाठीकडे बघून पाऊल टाकत होता. साडेचार मिनिटं. इतक्या चांगल्या वेळेत ते कधीच आले नव्हते, आणि हे जिला सांगायचं ती पाय पुढे करून त्यांच्याबरोबरच उतरत होती.

तळमजल्यावर निळी खुर्ची होती तिथेच होती. चौघं तिच्यासमोर येऊन थांबले. पलीकडे गाडीचं मागचं दार उघडं होतं.

"रख दीजिए भैया," ड्रायव्हर म्हणाला.

कुणी ठेवलं नाही. विश्वजित नाकासमोर बघत होता. रूपालीनं ओठ घट्ट मिटले होते. प्रफुल्लनं तोंड उघडून पाहिलं. दोन अक्षरांचा शब्द होता. त्याचे खांदे आणखी पाच मजले उतरले असते, पण खाली मजले उरले नव्हते.

"क्या हुआ?" रस्तोगीनं मागून हळूच विचारलं.

"ऑर्डर नहीं आया," प्रफुल्ल म्हणाला.

रस्तोगीनं खुर्चीकडे पाहिलं. टॉवेल नीट केला आणि खांदा जरासा वर घेतला.

ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यानं इंजिन बंद केलं.